वैजूताईच्या खोलीतल्या दोघी

वैजूताई मार्चमध्ये गेली. इथल्या मराठी मंडळाच्या अंकाचं काम बघणारी वैभवी म्हणली, सीमाकाकू तुम्हीच लिहा, तुम्ही त्यांच्यासोबत एका घरात राहिलात. मी सातवी शिकलेली, त्यातलं पण अर्धं विसरले. वैभवी म्हणली, जसं बोलता तसंच फोनवर टाईप करा. तर तसंच करते आहे.

वैजूताई माझी थोरली जाऊ. लेस्टरमधल्या पुष्कळ बायकांना ती माहीत आहे, कारण त्यांची ब्लाऊजं तिनं शिवलीत. बेलग्रेव्ह रोडच्या मागच्या गल्लीत आमचं घर. बाहेर बोर्ड नाही काही नाही, तरी बायका बरोब्बर यायच्या. नवरात्राच्या आधी तर पॅसेजमध्ये रांग लागायची, आणि मी सगळ्यांना चहा करून करून थकायची.

मी लग्न होऊन कराडहून इंग्लंडला आले तेव्हा एअरपोर्टवर मला घ्यायला तीच आली होती, साडीवर दादांचा ओव्हरकोट घालून. मी पाया पडायला वाकले तर म्हणली, "इथं ट्रॉल्या फिरतात, चेंगरशील. घरी जाऊन पड." गाडीत मी सारखं अहो ताई, तुम्ही ताई करत होते. ती म्हणली, "मला तू म्हण. ह्या देशात मला तू म्हणणारी बाईच नाही एक पण." तेव्हापासून तू.

दादा म्हणजे तिचे मिस्टर, जयंतदादा. आमच्या ह्यांचे मोठे भाऊ. दोघं नवराबायको होजिअरीच्या फॅक्टरीत होती. फॅक्टरी बंद झाली तेव्हा ताईनं तिथली एक जुनी मशीन घरी आणली आणि फ्रंट रूममध्ये ब्लाऊज शिवायला बसली. पुढं दादा गेले. त्यांचा मोठा फोटो केला, चंदनाचा हार घातला आणि फ्रंट रूममध्येच लावला, मशीनच्या समोर. तीच खोली गिऱ्हाइकांची ट्रायलची.

आता झालं असं की नीना म्हणून एक नर्स यायची, पुण्याची, तोंडाची फटकळ. ती एकदा ब्लाऊज हातात घेऊन नुसतीच उभी राहिली. ताई म्हणली, घाल की. तर ती म्हणते, "ताई, काका सारखे माझ्याकडेच बघतायत. मी इकडं सरकले तरी बघतायत."

ताई इतकी हसली की तोंडातल्या टाचण्या खाली पडल्या. दादांना जाऊन वर्ष पण झालं नव्हतं, आणि ते गेल्यापासून मी तिला तेव्हा पहिल्यांदा हसताना बघितलं. मग कोणी आलं की ती फोटोवर टॉवेल टाकायची. टॉवेल हारावरनं घसरायचा. बाई अर्ध्या कपड्यात, आणि दादा एकदम हजर. शेवटी तिनं फोटो काढला आणि पॅसेजमध्ये लावला, कोटांच्या खुंट्यांशेजारी.

आमचे हे कामावरनं आले, कोट अडकवायला गेले तर समोर भाऊ.

"वहिनी, दादाला इथं? छत्र्यांत?"

"इथं येणारे-जाणारे सगळे दिसतात त्यांना," ताई म्हणली. "तिकडं नुसत्या बायका दिसायच्या. ते काय बरं दिसत होतं का, शशीभावजी?"

त्या दिवशी ह्यांनी कोट वर खोलीत नेऊन ठेवला.

भिंत रिकामी झाली. चौकोनी डाग राहिला तिथं. ताई म्हणली काहीतरी लावायला पाहिजे, पण देव नको, पुरुष नको. देवासमोर पण कपडे कसे बदलायचे. आम्ही दोघी चॅरिटी शॉपमध्ये गेलो. तिथं फ्रेमांच्या ढिगात घोडे होते, बोटी होत्या, कुणाची तरी कुत्री होती. आणि त्यात ह्या दोघी.

तुमच्यातल्या बऱ्याच जणींनी बघितल्यात, पण ज्यांनी नाही त्यांना सांगते. जपानी चित्र आहे. एक बाई चटईवर बसलीय, एक गुडघा वर घेऊन. समोर आरसा आहे, छोट्या स्टँडवरचा. तिच्यामागं दुसरी उभी आहे, तोंडात कंगवा धरून, आणि बसलेलीचे केस वर घेतीय. कागदाचं सरकतं दार अर्धं उघडं. खाली एक मांजर झोपलंय. कपडे असे की काय सांगू, आतला लाल, त्यावर निळा, त्यावर फुलांचा, आणि मानेवरनं मागं ओढलेला. चेहरे पांढरे, डोळे म्हणजे नुसती रेघ. बाकी खोलीत काही नाही. ना पुरुष, ना मूल, ना चूल.

ताई दुकानातच फ्रेम हातात धरून उभी राहिली. मी म्हणलं काय झालं. ती म्हणली, "बघ की, दोघींना काही काम नाही."

"केस बांधतायत ना."

"ते काय काम आहे का?"

तेव्हापासून त्या दोघी आमच्या घरात. बायका यायच्या, ब्लाऊज काढायच्या, घालायच्या, वळून वळून आरशात बघायच्या, आणि भिंतीवर पण तेच चाललेलं. कोणी लाजायचं नाही. पोट सुटलेल्या, ऑपरेशनचे टाके असलेल्या, सगळ्या. एक बाई तर रडली होती तिथं, तिचा एक स्तन काढलेला होता, तिला लेकीच्या लग्नात घालायला ब्लाऊज पाहिजे होतं. ताईनं आतून कापूस भरून असं शिवलं की कळायचं नाही. त्या दिवशी ताई मला म्हणली, "बरं झालं तुझे दादा पॅसेजमध्ये आहेत."

गिऱ्हाइकांनी विचारलं ह्या कोण, तर ताई बिनधास्त सांगायची, जावा आहेत. बसलेली थोरली, उभी धाकटी. मी म्हणायची, म्हणजे मी सारखी उभी का? ती म्हणायची, "तू तरुण आहेस. मी आयुष्यभर दुसऱ्यांची मापं घेतली, मला जरा बसू दे." खरं तर ती बसायची ती मशीनवरच. दुपारचा चहा तेवढा मशीनकडं पाठ करून प्यायची, त्यांच्याकडं तोंड करून. म्हणायची, बघू आज काय चाललंय.

खिडकीतनं ऊन यायचं ते चित्रावर पडायचं. एक-दोन वर्षांत निळा रंग जरा उतरल्यासारखा वाटायला लागला. ताईनं लगेच अस्तराच्या कापडाचा पडदा शिवला फ्रेमला. गिऱ्हाईक नसलं की पडदा खाली, गिऱ्हाईक आलं की वर. कारखान्यातली सवय तिची, रंगीत माल कधी खिडकीजवळ ठेवायचा नाही.

आता गौरींचं सांगते, कारण जे झालं ते गौरींत झालं.

आमच्याकडं उभ्याच्या गौरी. मुखवटे पितळेचे, दादांनी कराडहून हँडलगेजमध्ये आणलेले. बसवायच्या फ्रंट रूममध्ये, कारण तेवढीच खोली मोठी. मशीन कोपऱ्यात सरकवायची, आणि गौरी बरोबर त्या चित्राखाली. ताई त्यांना साड्या अशा नेसवायची की मंडळातल्या बायका निऱ्या बघायला यायच्या. चित्र आल्यावरच्या पहिल्याच वर्षी मी गौरींना हळदीकुंकू लावलं, तर ताई म्हणली, "वरच्यांना पण लाव. दोघी खाली, दोघी वर. घरातल्यांना टाळून पाहुण्यांचं करतात का?"

ती स्वतः लावायची नाही. दादा गेल्यापासून तिनं कुणाला कुंकू लावलं नाही. मी किती वेळा म्हणलं, इथं कोण बघतंय. ती म्हणायची, मी बघते ना.

तर मी लावलं. काचेवर, एकीला एक बोट, दुसरीला एक. आणि मग दरवर्षी लावायला लागले. हे आरती म्हणायचे, हात जोडायचे, खाली दोघींना आणि मान वर करून वर दोघींना. कोणालाच त्यात काही वाटलं नाही.

तीन वर्षांमागं गौरी वीकेंडला आल्या. ताईचा मुलगा परीक्षित लंडनमधल्या एजवेअरहून आला, आणि त्याची मुलगी मायरा नॉटिंगहॅमहून. ती तिथं युनिव्हर्सिटीत आहे, डिझाईन शिकते. गुणी पोरगी, मराठी बोलते, तिच्या पद्धतीनं. तिनं आल्या आल्या चित्राचे फोटो काढले आणि आजीला सांगितलं की हे हातानं काढलेलं नाही, लाकडाचे ठसे असतात, एका रंगाला एक ठसा. ताई खूश. चष्मा लावून बघितलं आणि म्हणली, खरंच की, ओठाचा लाल जरा बाहेर गेलाय, ठसा हलला असणार.

दुसऱ्या दिवशी गौरी जेवल्या, मग आम्ही बसलो, पुरणपोळी वाढली. मायरा फोन बघत होती. ती म्हणली, "आजी, मी चेक केला. तुझा लेडी बहुतेक कोर्टिझान आहे."

"काय आहे?"

"बघ, तिचा बेल्टची गाठ पुढं आहे. नॉर्मल बायकाचा मागं असते. हंड्रेड पर्सेंट शुअर नाही, पण मोस्टली."

"पुढं गाठ म्हणजे एकटीला बांधता येते," ताई म्हणली. "सोयीचं आहे."

आमच्या ह्यांनी विचारलं, "कोर्टिझान म्हणजे काय गं?"

परीक्षित पाणी प्यायला लागला. म्हणला, काका, म्हणजे जुन्या काळी कलाकार असायच्या, गाणं वगैरे. मायरा म्हणली, "नो बाबा, दॅट्स गेशा. शशीआजोबा, बेसिकली सेक्स वर्कर. पण खूप फेमस."

ह्यांनी हातातली पोळी ताटात ठेवली. फ्रंट रूमचं दार उघडंच होतं. खाली गौरी, मुंडावळ्या बांधलेल्या, आणि वर त्या दोघी, कपाळावर माझं कुंकू.

"परीक्षित," हे म्हणले, "ते चित्र उतरव. आत्ता."

"काका, जेवून घ्या."

"संध्याकाळी सगळ्या हळदीकुंकवाला येणार. माडीवरच्या बायका गौरीच्या डोक्यावर बसवल्यात आम्ही. इतकी वर्षं मी आरती केली त्यांना. उतरव."

परीक्षित उठला. ताई बसूनच होती. तिनं परीक्षितकडं बघितलं सुद्धा नाही, मायराला विचारलं, "त्या तिथं स्वतःच्या मर्जीनं राहायच्या का?"

"नाही आजी. लहानपणी विकायचे त्यांना. घरवाले. आणि तो एरिया होता ना, त्याला भिंत असायची, एक गेट. बाहेर नाही जायचा."

"सणाला पण नाही?"

"आय डोंट थिंक सो."

ताईनं पोळीवर तूप घेतलं. मग ती म्हणली, "परीक्षित, बस खाली. गौर म्हणजे माहेरवाशीण. माहेरवाशीण दारात आली तर तिला कोणी विचारत नाही तू तिकडं काय करतेस. ह्यांना तर माहेर पण नाही. त्या कुठं जाणार?"

"वहिनी, चित्र आहे ते."

"मग चित्राचा एवढा राग कशाला?"

"माझ्या घरात चालणार नाही."

ताई म्हणली, "घर तुमचंच आहे, भावजी. तेवढी एक खोली माझी आहे, असं मला वाटत होतं."

घर खरंच ह्यांच्या नावावर होतं, दादांच्या आजारपणात तसं करावं लागलं होतं, आणि ताईनं आजपर्यंत कधी तो विषय काढला नव्हता. मला कळलं की आता ते चित्र उतरलं तर ताई त्या खोलीत परत बसायची नाही. मशीन विकून टाकेल, एजवेअरला जाईल परीक्षितकडं, आणि तिकडं काय करेल, फ्लॅटमध्ये टीव्ही बघेल.

हे उठले, हात धुतले, कोट घातला आणि त्यांच्या मित्राकडं, अवधूतभावजींकडं, निघून गेले. संध्याकाळच्या आरतीला आले नाहीत. आमच्या घरात असं कधी झालं नव्हतं. परीक्षितनं आरती म्हणली, अर्धी मोबाईलवर बघून. बायका आल्या, नटूनथटून. मी सगळ्यांना कुंकू लावलं. दुपारी जाताना ह्यांनी टिश्यूनं काचेवरचं कुंकू पुसलं होतं ते मी बघितलं होतं. ताई कोपऱ्यात मशीनजवळ उभी होती. मी करंडा घेऊन चित्रापुढं उभी राहिले. नवऱ्याचं ऐकायचं की जावेचं, असं काही माझ्या मनात आलं नाही, खोटं कशाला सांगू. त्या बसलेलीची मान बघितली आणि वाटलं, सगळ्यांना लावलं, हिलाच का नाही. लावलं. दुसरीला पण लावलं. मागं वळून बघितलं तर ताई खिडकीकडं तोंड करून डोळे पुसत होती, आणि नीना तिला म्हणत होती, "ताई, धुपाचा त्रास होतोय का? खिडकी उघडू?"

चित्र राहिलं. पण हे त्या खोलीत पाऊल टाकेनात. वहिनींशी सरळ बोलेनात. पॅसेजमध्ये उभं राहायचे, कोट काढता काढता दादांच्या फोटोला सांगायचे, "दादा, उद्या बॉयलरवाला येणार आहे म्हणावं. कुणीतरी घरी पाहिजे."

आतून ताई म्हणायची, "सांगा त्यांना, मी कुठं जातेय."

"आणि गॅसचं बिल फार आलंय म्हणावं."

"सांगा, थंडी मी नाही पाठवली."

मला हसू पण यायचं आणि वाईट पण वाटायचं. गिऱ्हाइकांना वाटायचं ताईचे दीर फार भाविक आहेत, भावाशी रोज बोलतात. पुढच्या वर्षी गौरी आल्या तेव्हा ह्यांनी आरती पॅसेजमधनं केली, दारात ताम्हन धरून. त्याच्या पुढच्या वर्षी पण. ताईनं एकदा पण म्हणलं नाही की आत या. मी तिला म्हणलं, तू जरा मोठी हो. ती म्हणली, "मी मोठीच आहे, म्हणून तर गप आहे."

गेल्या हिवाळ्यात तिला दम लागायला लागला. पाय सुजले. हार्टचं निघालं. हॉस्पिटलमध्ये ठेवलं, मग डॉक्टरनं परीक्षितला बाजूला घेऊन सांगितलं की घरी न्या, आरामात राहू दे. जिना चढायला बंदी. हॉस्पिटलचा बेड येणार, बटणानं वरखाली होणारा. तो कुठं लावायचा? फ्रंट रूममध्येच.

मशीन हलवायला, सोफा काढायला माणूस पाहिजे. परीक्षित ताईला घेऊन अँब्युलन्समधनं येणार होता. मी ह्यांना काही म्हणलं नाही. ह्यांनी आपणच बाह्या सारल्या आणि आत गेले. सोफा बाहेर काढला. बेडवाले आले, त्यांना प्लग पाहिजे होता, आणि प्लग नेमका चित्राच्या भिंतीला. मग डोक्याची बाजू तिकडं आली. म्हणजे चित्र ताईच्या डोक्यामागं. पडल्या पडल्या दिसणार नाही.

ताई आली. तिला झोपवलं. तिनं एकदा मान मागं वळवून बघायचा प्रयत्न केला, जमलं नाही, आणि मग पांघरूण सारखं करत राहिली. मी म्हणणार होते, पण तिनं डोळ्यानं नको म्हणलं. मागून घ्यायची नाही ती. ह्यांच्याकडनं तर नाहीच.

ती जरा खाली घसरली म्हणून आम्ही उशी बदलायला तिला खुर्चीत बसवलं, तेव्हा हे बेड नीट चालतो का बघायला त्यावर स्वतः आडवे झाले. बटण दाबलं, वर गेले, खाली आले. मग तसेच पडून राहिले. समोर काय होतं, रेडिएटर आणि त्याच्यावर रिकामी भिंत.

हे उठले, चित्र खुंटीवरनं काढलं आणि खोलीबाहेर घेऊन गेले. ताईनं डोळे मिटून घेतले. पॅसेजमध्ये काहीतरी आपटल्याचा आवाज आला, मग कपाट उघडल्याचा. आणि हे परत आले, एका हातात चित्र, एका हातात ड्रिल.

"वहिनी," हे म्हणले. ह्या वेळी दादांना मध्ये घेतलं नाही. "कुठं लावू?"

ताईला बोलताना धाप लागत होती. "रेडिएटरच्या वर नको. उष्णतेनं कागद जातो."

"मग इकडं?"

"जरा खाली. मी पडलेली असणार आहे, उभी नाही."

"आता?"

"तिरकं आहे."

"तिरकं नाही. त्या बायकाच तिरक्या बसल्यात."

"बायका बरोबर बसल्यात. खिळा चुकलाय."

ह्यांनी परत भोक पाडलं. भिंतीत आता दोन भोकं आहेत तिथं, एक उगाच.

मग जवळजवळ दोन महिने ती त्या खोलीत होती. गिऱ्हाइकं यायची, पण आता भेटायला. हे कामावरनं आले की कोट काढून सरळ आत जायचे, खुर्ची ओढून बसायचे. मग एक दिवस मी पेज घेऊन गेले तर विचारत होते, "ही मागची नक्की करतेय काय?"

"केस बांधतेय."

"इतकी वर्षं?"

"तुम्हाला काय घाई आहे?"

"आणि मांजर कुणाचं?"

"त्या घराचं असेल," ताई म्हणली. "ते जाऊ शकतं बाहेर. जात नाही."

हे बराच वेळ मांजराकडं बघत बसले. म्हणले, "मला वाटत होतं हसतायत त्या. हसत नाहीत."

"नाहीत," ताई म्हणली. "पण दोघी आहेत."

ती गेली तेव्हा मी जवळ होते. त्याबद्दल मला लिहायचं नाही.

दिवसकार्य झाल्यावर परीक्षित निघाला तेव्हा म्हणला, "काका, आईची आठवण म्हणून ते चित्र मी नेऊ का? मायराला पण पाहिजे."

हे म्हणले, "ने की. तुझ्या आईचंच आहे. फक्त गौरी झाल्यावर ने."

ह्या वर्षी आमच्याकडं गौरी नाहीत. ताईचं वर्ष होईपर्यंत घरात सण नाही, हे परीक्षितला माहीत आहे आणि ह्यांना पण माहीत आहे. म्हणजे चित्र पुढच्या गौरींपर्यंत तरी इथंच. परीक्षितनं बॅग उचलली, काकांच्या पाया पडला, आणि जाता जाता चित्रावरचा पडदा खाली ओढून गेला, ऊन आलं होतं म्हणून.